तासाची सायकल

डनिंगच्या बागेत तंबू गुंडाळला
तो दवानं दुप्पट जड.
पंपावरच्या लव्हॉनबाईंनी कॉफीचे पैसे घेतले नाहीत,
वारा मात्र सांगितला:
"पश्चिमेचा. दिवसभर."
थकलेली उधारी सांगावी तसा.

नेब्रास्का, हायवे नंबर दोन.
एका अंगाला नदी, तिला लागून रूळ,
बाकी सगळ्या टेकड्या, वाळूच्या,
गवत पांघरलेल्या म्हणून उडून न गेलेल्या.
मी ताशी सात मैल.
उतारावरसुद्धा पायडल मारावं लागतं
हे घरी फोनवर सांगून कुणाला पटत नाही.

कोळशाच्या मालगाड्या समोरून येतात भरलेल्या,
मागून येऊन पुढे जातात रिकाम्या.
एकीचे डबे शंभराच्या वर मोजले,
मग एक ट्रक अंगाला चाटून गेला
आणि आकडा सांडला.
पुढच्या गाडीच्या ड्रायव्हरनं भोंगा दिला, दोनदा.
त्या भोंग्यावर मी चार मैल काढले.

थेडफर्डच्या अलीकडे पिकअप थांबला.
डेल्मर नावाचा म्हातारा, मागे एक वासरू.
"टाका सायकल मागे, मलनला सोडतो."
वासराशेजारी जागा होती.
नको म्हटलं.
का, ते त्यानं विचारलं नाही,
आणि मला तरी कुठं माहीत होतं.
पुढचा अर्धा मैल मी स्वतःला
माहेरच्या भाषेत पुष्कळ बोलले.

सेनेका सुटल्यावर ती पाटी:
इथून पुढे घड्याळ एक तास मागे.
दोनाचा एक वाजला.
मी उतरले. पन्नाशी उलटल्यावर
असं कुणी काही परत देत नाही.

करमाळ्याला मुकिंदाचं दुकान. तासाला आठ आणे.
लेडीज सायकल एकच, ती कायम कुणीतरी नेलेली,
म्हणून कैची मारायची,
दांड्याखालून पाय, अंग वाकडं,
कमळाभवानीच्या देवळापर्यंत आणि परत.
मुकिंदा पेन्सिल जिभेला लावून वहीत वेळ लिहायचा.
पाच मिनिटं उशीर म्हणजे अख्खा दुसरा तास.

आणि हा फुकट.
नदीत पाय सोडून बसावं,
की गवतात पाठ टेकावी जरा,
ठरवता ठरवता सायकल ढकलत खाली नेली
तर मागचं चाक बसलं.

सराटा.
तोच, शिंगांचा. इथेही त्याला बोकडाचं डोकंच म्हणतात.
बांधावरून पळताना टाचेत घुसायचा तो,
बसून, थुंकी लावून, काढायचा.
आधी कोण आलं इकडे, तू का मी?

एक नव्हता, चार होते. पॅच तीन.
वाऱ्यात हवा गळलेली ऐकू येत नाही,
म्हणून चारीत उतरून ट्यूबवर पालथी पडले,
ओठांशी फिरवत, आंधळ्यासारखी.
बारीक गार फुंकर लागली
तिथं थुंकी लावली, बुडबुडा आला.
चौथ्या भोकाला तिसराच पॅच कापून अर्धा.

हात पुसून पाहिलं: दोन.
पुन्हा दोन.
मुकिंदा असता तर म्हणाला असता,
पंक्चर झालं तरी तास चालूच असतो, पोरी.
वहीत आहे.

मलनला पोचले तेव्हा दिवे लागले होते.
कॅम्पच्या शॉवरला सुटी नाणी लागतात.
पाकिटात बोट घातलं आणि टोचलं,
एक सराटा मीच ठेवला होता, विसरले होते.
खिडकीतल्या मुलीनं नाणी मोजून घेतली
आणि विचारलं, डनिंगहून? किती तास लागले?

मी बोटावरचं रक्त चोखत हिशेब केला,
मग पुन्हा केला.
एक तास कुठल्याच बाजूला बसेना.